वाटा बंद झाल्या तेव्हा उमगलेले

कोरोनाच्या साथीमुळे २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री मुंबईची लोकल थांबली. रोज सुमारे ७५ लाख माणसांना नेणारी ही गाडी पुराने, संपाने, बॉम्बस्फोटांनीही कधी इतकी थांबली नव्हती. पाठोपाठ एसटी, विमाने, रस्ते सगळेच बंद झाले. मी डोंबिवलीला राहते, फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. माहेर दापोली तालुक्यात समुद्राकाठी आहे. आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही सगळे दार्जिलिंगला जाणार होतो. रोजची वाट, माहेरची वाट आणि मनातली लांबची वाट, तिन्ही एकदम मिटल्या. त्या काळाने प्रवासाबद्दल जे शिकवले ते विरून जायच्या आत लिहून ठेवते आहे.

१. रोज जातो-येतो तोही प्रवासच असतो.

घरून काम सुरू झाले तेव्हा पहिले काही दिवस वाटले, बरे झाले, जाण्यायेण्याचे तास वाचले. मग हळूहळू कळले की ते तास माझे होते. कार्यालयातली मी आणि घरातली मी यांच्यामध्ये लोकलचा प्रवास होता आणि त्यात मी कुणाचीच काही लागत नव्हते. जलद गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ पासूनचा तो बोगदा आला की फोनची रेंज जायची, बोलणी मध्येच तुटायची आणि क्षणभर डबा आपापल्यात बुडायचा. धीमी गाडी मिळाली तर मुंब्र्याला एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. पावसाळ्यात त्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरताना दिसायच्या. मशीद बंदर जवळ आले की मसाल्यांचा वास खिडकीतून आत यायचा. हे सगळे मी वर्षानुवर्षे पाहिले, पण याला कधी प्रवास म्हटले नव्हते. लॉकडाऊनमध्ये डोळे मिटले की सर्वांत आधी हीच वाट दिसायची. आता खिडकी मिळाली की मी फोन पर्समध्ये ठेवते आणि बाहेर बघते.

२. सोबतीला आडनाव लागत नाही.

आमच्या महिला डब्यात बायका चढण्याच्या स्टेशनावरून ओळखल्या जात. कळव्याची, भांडुपची, ठाण्याची उंच. डब्यात भाजी निवडली जायची, डोहाळजेवणे व्हायची, नवरात्रात त्या त्या दिवसाच्या रंगाने सगळा डबा भरून जायचा. कुणाच्या सासूचे ऑपरेशन कधी आहे आणि कुणाच्या मुलीला किती टक्के पडले, हे सगळ्यांना ठाऊक. गाडी थांबली आणि लक्षात आले की यातल्या कितीतरी जणींचे पूर्ण नाव आपल्याला माहीत नाही, पत्ता तर नाहीच.

१५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या. इतर बायकांना २१ ऑक्टोबरपासून परवानगी मिळाली, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. तेव्हा नवरात्रच चालू होते. पहिल्या दिवशी डब्यात मोजक्याच बायका होत्या, तोंडाला मास्क, मध्ये रिकाम्या जागा. तरी आठवणीने रंग पाळून आलेल्या काही जणी होत्या. आम्ही एकमेकींना डोळ्यांवरून ओळखले. भांडुपची मात्र त्यानंतर कधीच आली नाही. नोकरी गेली, घर बदलले की आणखी काही झाले, कुणालाच कळले नाही. ज्यांच्याबरोबर रोज बसतो त्यांचे नाव-गाव विचारून घ्यावे. ते मी आता आवर्जून करते.

३. हौसेच्या वाटेआधी गरजेची वाट.

एप्रिल-मे महिन्यात मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसे चालत निघाली होती. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, पायात झिजलेल्या चपला. आमच्या सोसायटीतली काही मंडळी परवानगी काढून पोळीभाजीची पाकिटे द्यायला जात, त्यांत माझे यजमानही होते. चालणाऱ्यांपैकी एकाने त्यांना कसारा घाटाबद्दल विचारले. घाट किती चढायचा आहे, हे त्याने विचारलेच नाही. वर प्यायला पाणी मिळेल का, एवढेच विचारले. हे ऐकल्यावर त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

१ मे पासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या, पण त्या सगळ्यांच्या वाट्याला लगेच आल्या नाहीत. जालन्याहून रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने निघालेले मध्य प्रदेशातले मजूर थकून रुळांवरच झोपले आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ जण गेले. गाड्या बंद आहेत, असेच ते धरून चालले होते. भुसावळ हे आमच्याही दार्जिलिंगच्या वाटेवरचे स्टेशन. आमची सहल हुकल्याची हळहळ मी त्या दिवशी बाजूला ठेवली. प्रवास हा काहींसाठी आनंद असतो आणि काहींसाठी घरी पोचण्याचा एकमेव उपाय. पुन्हा कधी वाटा मिटल्या तर सर्वांत आधी या माणसांसाठी उघडाव्यात, हे मला मनापासून म्हणायचे आहे.

४. अंतर किलोमीटरने मोजता येत नाही.

दिव्याहून कोकण रेल्वेने खेड, तिथून एसटीने दापोली, पुढे रिक्षा. सकाळी निघाले की दिवस कलायच्या आत आईच्या ओटीवर पोचायचे, असा माझा जन्माचा हिशेब. जिल्हा ओलांडायला ई-पास आला आणि माहेर परदेशापेक्षा लांब झाले. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. दापोली, मंडणगडकडच्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, फोन बंद पडले. आई-दादाचा काहीच पत्ता लागेना. शेवटी शेजारच्या वाडीतला कुणी उंचावर जाऊन रेंज शोधत होता, त्याच्या फोनवरून आई बोलली, “बाग गेली गं. माणसं आहेत.” तेवढ्यावर फोन तुटला.

त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते. गावाने येणाऱ्यांसाठी विलगीकरणाची अट घातली होती आणि त्यात गावाची चूक नव्हती. गावात म्हातारी माणसे जास्त, दवाखाना लांब. मी गेले नाही. दादाने व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली. तेव्हापासून “वेळ मिळाला की जाऊ” हे वाक्य मी माहेरासाठी वापरत नाही. खेडचे तिकीट आधी काढते, रजा मागून घेते.

५. लांबच्या ठिकाणाची ओढ वाटेतल्या गावांनी भरावी.

दार्जिलिंगच्या तिकिटांचे पैसे रेल्वेने परत केले. मुलगी हिरमुसली. मी ॲटलास आणि रेल्वेचे जुने वेळापत्रक काढले आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघी कागदावरून निघायला लागलो. कल्याणला गीतांजली एक्स्प्रेस पकडायची. भुसावळ आले की केळीच्या बागा कुठवर पसरल्या आहेत ते बघायचे. मग अकोला, बडनेरा, नागपूर. गोंदियाला महाराष्ट्र संपतो आणि भाताचा मुलूख पुढे छत्तीसगडात शिरतो. रायपूर, बिलासपूर, टाटानगर, खरगपूर आणि शेवटी हुगळीच्या काठावरचे हावडा. पूल ओलांडून सियालदह, तिथून रात्रीच्या गाडीने न्यू जलपायगुडी. पुढे १८८१ साली दार्जिलिंगपर्यंत पोचलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची चिमुकली गाडी. ती आधी घूमला चढते, २,२५८ मीटरवर, आणि मग दार्जिलिंगला खाली उतरते, हे वाचून मुलगी थक्क झाली.

प्रत्येक स्टेशनाला आम्ही थांबायचो. इथे काय पिकते, कोणती नदी, कोणती भाषा बोलतात, हे शोधायचो. आधी माझ्या मनात दार्जिलिंग म्हणजे चहाचे मळे आणि कांचनगंगेचे एक छायाचित्र होते. आता तिथे पोचायला जवळजवळ सगळा देश ओलांडावा लागतो, हे आम्हा दोघींना पाठ आहे. गाडी सुरू नसली तरी जाण्याची तयारी करता येते आणि ती मन लावून केली की ठिकाणाबद्दलचे प्रेम वाढते.

६. ज्यांनी वाट चालली आहे त्यांच्याकडून ती ऐकावी.

माझे सासरे माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारे वारकरी. २०२० साली पायी वारी झाली नाही. आषाढी १ जुलैला होती आणि आदल्या दिवशी पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. बाबा त्या महिन्यात फार गप्प झाले होते. मग मुलीने त्यांना विचारले, “आजोबा, आज चालत असता तर कुठे असता?”

त्या प्रश्नाने ते उमलले. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा मुक्काम सांगू लागले. दिवेघाट चढताना मागे वळून पाहिले की पताकांची रांग कशी दिसते. जेजुरीत भंडारा कसा उधळतात. नीरेत पादुकांना स्नान कसे घालतात. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते तेव्हा अश्व धावताना पायाखालची जमीन कशी कळते. फलटणला कोणत्या घरी त्यांची दिंडी वर्षानुवर्षे उतरते आणि त्या घरातली आजी पाय शेकायला पाणी तापवून ठेवते. वेळापूरला आले की मन पुढे पळायला लागते आणि पाय मागे राहतात, असे ते म्हणाले. ऐकताना मला वाटले, या घरात इतकी वर्षे राहून आपण हे कधी विचारलेच नव्हते. मुलीने सगळे वहीत उतरवून घेतले. घरोघरी अशी वाट चाललेली माणसे आहेत. कुणी कापडगिरणीच्या दिवसांत गाव सोडून मुंबईला आलेले, कुणी फौजेतून लडाख पाहिलेले. त्यांना विचारायला कुठलाच पास लागत नाही.

७. पुन्हा वाटा उघडल्या की आधी कुणाला न्यायचे ते ठरवून ठेवावे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्या सगळ्यांना लोकलमध्ये बसता येऊ लागले. कुटुंबात लगेच बेत सुरू झाले, दार्जिलिंग आधी की गोवा. तेव्हा मला बाबांचा चेहरा दिसला. पर्वत आमच्यासाठी थांबतील, पण बाबांचे पाय थांबणार नव्हते.

२०२२ साली पायी वारी पुन्हा निघाली. पूर्ण वाट चालण्याची ताकद बाबांमध्ये उरली नव्हती. म्हणून आम्ही त्यांना वाखरीला नेले आणि तिथून पंढरपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा ते टाळ घेऊन चालले, मी आणि मुलगी दोन बाजूंनी. दार्जिलिंग अजून व्हायचे आहे, आणि होईलच. पण जायच्या ठिकाणांची यादी करायला आता मी बसते तेव्हा सर्वांत वर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे ठिकाण लिहिते. तुम्हीही तसेच करा, आणि ते याच वर्षी करा.