उजव्या दंडाविषयी

चि. सुमेधा,

तुझे पत्र पावले. शिंप्याला दोन बाह्यांची दोन मापे घ्यावी लागली आणि त्यावरून घरात चेष्टा झाली, एवढ्या कारणास्तव टेनिस सोडण्याचा जो विचार तू बोलून दाखवला आहेस, तो मला सर्वस्वी नामंजूर आहे. १९६२ आणि १९६९ या दोन्ही वर्षी चारही प्रमुख स्पर्धा जिंकणाऱ्या रॉड लेव्हरचा डावा हात उजव्याहून डोळ्यांत भरण्याइतका जाड होता. त्याचे जगभर कौतुकच झाले, बाहीची तक्रार कोणी केली नाही.

स्नायू पुष्ट होतो तो मुख्यतः असलेलेच तंतू भाराने स्थूल झाल्यामुळे. आणि जेथे स्नायू रोज जोराने ओढतो तेथे अस्थीही आपला बंदोबस्त वाढविते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका क्ष-किरण पाहणीत, कसलेल्या टेनिसपटूंच्या खेळत्या दंडाच्या हाडाचे कठीण कवच दुसऱ्या हाताच्या मानाने पुरुषांत सुमारे ३५ आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के अधिक जाड आढळले. पुढे १९९५ साली फिनलंडमधील टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या तपासणीत असे दिसले, की ऋतुप्राप्तीपूर्वी किंवा त्या सुमारास ज्यांनी खेळ आरंभिला, त्यांच्या अस्थींना झालेला लाभ फार उशिरा आरंभ करणाऱ्यांच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत होता. तू अकराव्या वर्षी रॅकेट धरलीस. तेव्हा हे वतन आयतेच तुझ्या पदरात पडले आहे, ते चेष्टेपायी का टाकावे?

काळजी करावयाची तर ती निराळ्याच ठिकाणी आहे. सर्व्हिस करताना दंड आत फिरवून चेंडूला वेग देणारे छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू बलवान होत जातात. परंतु चेंडू सुटल्यावर त्या भरधाव हाताला आवर घालणारे, खांद्याच्या मागील बाजूचे लहान स्नायू, ज्यांना आरशात कोणी पाहत नाही, ते मागे पडतात, आणि खांद्याचे दुखणे पुष्कळदा या विषमतेतून उद्भवते. म्हणून कोपर बरगडीशी ठेवून रबरी पट्टा बाहेरच्या दिशेने ओढावा व परतताना मुद्दाम सावकाश सोडावा. वजने उचलून दंड फुगविण्याची तूर्त गरज नाही. शिवाय उताणे पडून, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला ठेवून आणि कोपर काटकोनात उभे धरून, पंजा पायांच्या दिशेने किती खाली जातो ते दोन्ही बाजूंनी पाहावे. उजवीकडे तो बराच कमी जात असल्यास सर्व्हिसचा सराव काही दिवस निम्मा कर, प्रशिक्षकांच्या कानावर घाल, आणि मला उलट टपाली कळव.

तुझा,
मामा