सागवानी ‘सुहेली’ आणि ३१२ दिवस



१४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे २९ वर्षांचे खलाशी एकटेच निघाले. कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी ती स्पर्धा. त्यांची ३२ फुटी शिडाची नौका ‘सुहेली’ कुठली, ठाऊक आहे? मुंबईत बांधलेली, सागवानाची!

वाटेत नौका गळू लागली. पाण्यात उतरून त्यांनी फटी बुजविल्या. मध्येच शार्क आला, तेव्हा वर येऊन बंदूक चालवावी लागली. पिण्याचे पाणी खराब झाले, म्हणून पावसाचे साठविले. पुढे रेडिओ बंद पडला आणि कित्येक महिने घरी काहीच खबर नाही. पालकांनी त्यांच्या आईचा विचार करून पाहावा.

२२ एप्रिल १९६९ रोजी ते परतले. नऊ स्पर्धकांत पोहोचलेले एकटेच. सुमारे ३०,००० सागरी मैल, ३१२ दिवस. वहीत भागाकार करून पाहा: ताशी जेमतेम ४ सागरी मैल, सायकलपेक्षाही कमी!

बक्षिसाचे ५,००० पौंड त्यांनी याच स्पर्धेत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले. आम्हाला हे विक्रमाहून मोठे वाटते. १९९४ मध्ये पीटर ब्लेक यांच्याबरोबर, चमूसह, त्यांनी हीच प्रदक्षिणा ७४ दिवस २२ तासांत पुरी केली. तोही तेव्हाचा विक्रमच.

२००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून, चार थांबे घेत, एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे. तयारीसाठी ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच शिकायला गेले होते.