हद्द शिकवण्याला, पदवीला नाही

पवनार, जि. वर्धा
पाडव्यानंतरचा रविवार

चि. सौ. छोटीस,


परवा तुझा फोन आला तेव्हा अंगणात गहू वाळत पडले होते आणि आभाळ भरून आलं होतं, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. शिवाय अशी गोष्ट कागदावर असलेली बरी. मन डगमगलं की पुन्हा काढून वाचता येते.

तू विचारलंस, "आत्या, बी.ए. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून करू की दिल्लीच्या इग्नूतून?" आणि क्लासमध्ये तुला कुणीतरी काय सांगितलं तेही सांगितलंस: नाशिकची पदवी महाराष्ट्रापुरती, दिल्लीची भारतभर चालते, जावईबापू रेल्वेत, उद्या बदली मध्य प्रदेशात, आमल्याला झाली तर नाशिकचा कागद काय कामाचा? ही भीती मी तीस वर्षं ऐकते आहे. माझ्या शाळेतल्या कितीतरी बायांनी तिच्यापायी फॉर्मच भरला नाही. म्हणून आधी ती काढून टाकू.

आपल्या देशात पदवी कोण देऊ शकतो हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या बाविसाव्या कलमात लिहिलेलं आहे. संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ किंवा अभिमत दर्जा मिळालेली संस्था पदवी देऊ शकते. संसद स्वतः एखाद्या संस्थेला खास अधिकार देते, ती वेगळी. या कलमात केंद्राच्या कायद्याची पदवी वरची आणि राज्याच्या कायद्याची खालची असं काही नाही. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ साली संसदेच्या कायद्याने झालं, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली आपल्या विधिमंडळाच्या कायद्याने. दोघांच्या पदवीचं वजन सारखं. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हेही स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी रोज कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरायची.

मग ही 'महाराष्ट्रापुरती'ची गोष्ट आली कुठून? ती खोटी नाही, अर्धीच ऐकलेली आहे. राज्याच्या विद्यापीठाला हद्द असते, पण ती शिकवण्याची. नाशिकचं विद्यापीठ मध्य प्रदेशात अभ्यासकेंद्र उघडू शकत नाही, इग्नू देशभर उघडू शकतं. तुझी पदवी मात्र एकदा हातात आली की तिला हद्द नाही. नागपूर विद्यापीठातून शिकलेली माणसं दिल्लीत, बंगळुरात नोकऱ्या करतात. त्यांना कुणी विचारत नाही की तुमची पदवी विदर्भाबाहेर चालते का. हद्द शिकवण्याला आहे, पदवीला नाही, एवढं एक वाक्य या पत्रातून ध्यानात ठेवलंस तरी पुरे.

ही हद्द कशासाठी, तेही समजून घे. छत्तीसगड सरकारने २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि बघता बघता शंभरावर विद्यापीठं कागदावर उभी राहिली. कित्येकांचा कारभार एखाद्या खोलीतून चाले, आणि केंद्रं देशभर. पूर्वी अनुदान आयोगाचे अध्यक्ष असलेले प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने ती विद्यापीठं रद्द ठरवली आणि सांगितलं, की राज्याच्या कायद्याचा अंमल राज्याच्या सीमेपर्यंतच. म्हणजे ही हद्द तुझ्यासारख्या पोरींच्या रक्षणासाठी आहे. परराज्यातल्या विद्यापीठाचा बोर्ड लावून कुणी वर्ध्याच्या बसस्टँडजवळ दूरस्थ बी.ए.चं केंद्र चालवत असेल, तर तिथे चप्पलसुद्धा काढू नकोस.

हे मी ऐकीव सांगत नाही. आपल्या ओळखीतल्या एका मुलाने अशाच एका खोलीत पैसे भरले होते. 'एका वर्षात बी.ए.' असं सांगितलं होतं, आणि तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका खरंच एकदम मिळाल्या. बापाने त्या हंगामाचा सगळा कापूस त्यात घातला. पुढे पोरगा भरतीची परीक्षा स्वतःच्या अकलेने पास झाला आणि कागदपत्रांच्या पडताळणीत अडकला. तोवर त्या खोलीला कुलूप लागलं होतं. पैसा गेला त्याहून मोठं नुकसान म्हणजे त्याची वाया गेलेली वर्षं आणि उलटून गेलेली वयाची अट.

तेव्हा पहिला प्रश्न 'नाशिक की दिल्ली' हा नाही. पहिला प्रश्न असा: मला हवा तो अभ्यासक्रम, या सत्रासाठी, या विद्यापीठाला दूरस्थ पद्धतीने शिकवायची मान्यता आहे का? यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा. विद्यापीठ मान्य असलं म्हणजे त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतो असं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला. संस्था खऱ्या होत्या, पण परवानगीशिवाय इंजिनिअरिंग टपालाने शिकवलं होतं. २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. आधीच्यांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. ज्यांना त्या पदवीवर बढती मिळाली होती, त्यांच्या घरात काय झालं असेल याचा विचार कर.

तुझ्या विषयांच्या यादीत मानसशास्त्र आहे, ते खोडून टाक. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगाने मानसशास्त्र, पोषणशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले विषय दूरस्थ पद्धतीने शिकवणं बंद केलं आहे. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, अर्थशास्त्र यांना ती अडचण नाही, आणि तुला स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत तर हेच विषय कामी येतील. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रम आणि सत्र अशी यादी असते. ती स्वतः उघडून बघ, छापून घे आणि प्रवेशाच्या पावतीला टाचून ठेव. २०२४ पासून प्रवेशाआधी तिथेच स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधार आणि एबीसी (शैक्षणिक क्रेडिट बँकेचा) क्रमांक लागतो. हा आयडी स्वतःच्या मोबाइल नंबरावर काढ. फॉर्म भरून देणाऱ्याच्या नंबरावर काढलास तर पुढे प्रत्येक कामाला त्याच्या दारात उभं राहावं लागेल.

तू 'नॅक'चंही विचारलं होतंस. मान्यता म्हणजे पदवी द्यायचा अधिकार. नॅकची श्रेणी म्हणजे संस्था कशी चालते याचं मूल्यमापन. इग्नूला २०२१ मध्ये 'ए डबल प्लस' मिळाली, ती चांगलीच गोष्ट. पण भरतीच्या टेबलावर आधी मान्यता तपासतात.

इग्नूच्या नावातल्या 'राष्ट्रीय' या शब्दाला भुलू नकोस म्हणून एक गंमतीची गोष्ट सांगते. अमेरिकेत कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्था कित्येक वर्षं दोन प्रकारच्या मानल्या जात, प्रादेशिक आणि राष्ट्रीय. तिथे वजन होतं ते प्रादेशिक मान्यतेला! राष्ट्रीय मान्यतेच्या कॉलेजात केलेला अभ्यास प्रादेशिकवाली विद्यापीठं बरेचदा धरत नसत. २०२० मध्ये तिथल्या सरकारने हा भेदच आपल्या नियमांतून काढला. आणि आपल्याकडे? देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ राज्याचंच, १९८२ सालचं आंध्र प्रदेशचं. ते उभं करणारे जी. राम रेड्डी पुढे इग्नूचे पहिले कुलगुरू झाले. नाशिकचं उभं केलं राम ताकवले सरांनी; तेही नंतर इग्नूचे कुलगुरू झाले. माणसं तीच, विचार तोच: जिला घर, शेत, नोकरी सोडता येत नाही तिच्या दारी शिक्षण न्यायचं.

आता दोन्ही मान्य आहेत असं धरून तुझ्यापुरतं बघू.

इग्नूची ताकद त्याच्या पसाऱ्यात आहे. बदली झाली तर प्रादेशिक केंद्र बदलून घेता येतं. आमल्याला गेलीस तरी परीक्षा त्या बाजूला देता येईल. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये परीक्षा असते, म्हणजे एखादा पेपर राहिला तर सहा महिन्यांत पुन्हा संधी. पण पुस्तकं मुख्यतः इंग्रजी-हिंदीत. नाशिकची ताकद भाषेत आहे. पुस्तक मराठीत, उत्तर मराठीत. तू सेलूला बारावीपर्यंत मराठीत शिकलीस. पोरगी झोपल्यावर रात्री दहाला राज्यघटनेचं पान उघडशील तेव्हा ते कोणत्या भाषेत डोक्यात शिरेल, हा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो.

मी बी.ए. केलं तेव्हा शाळेत नोकरी होती, तुझा आतेभाऊ पाळण्यात होता आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता. पहाटे चारला चिमणी लावून बसायची. पुस्तक माझ्या भाषेत होतं म्हणून ते अर्धझोपेतही कळायचं. एक वर्ष माझं वाया गेलं ते परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख चुकली म्हणून. अभ्यास पुरा झाला होता, आणि मी घरी बसून होते. म्हणून सांगते, दूरस्थ शिक्षणात अभ्यासाइतकाच तारखांचा मान ठेव. इग्नूत प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेचा फॉर्म आपोआप भरला जात नाही. तो वेगळा भरावा लागतो. पुढच्या वर्षाची नोंदणीही वेगळी. असाइनमेंटला तीस टक्के गुण असतात, त्या वेळेत द्यायच्या. नाशिकलाही पुढच्या वर्षाचा प्रवेश वेळेवर घ्यावा लागतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी या तारखा लिही, म्हणजे जावईबापूंच्याही नजरेस पडतील. दोन्ही विद्यापीठांची प्रादेशिक केंद्रं नागपुरात आहेत. सिंदीहून गाडीत बसून एकदा दोन्हीकडे जाऊन ये. कोणतं अभ्यासकेंद्र तुला जवळ पडतं आणि तिथे रविवारी तास खरंच होतात का, ते विचार.

बदलीची भीती म्हणशील, तर आमला रेल्वेच्या आपल्याच नागपूर विभागात आहे, गाडी सरळ येते. परीक्षेपुरतं माहेरी यायला कुणी नको म्हणणार नाही. पोरीला मी सांभाळेन. म्हणून माझं मन नाशिककडे झुकतं. पण तुम्ही दोघं पुढे दूर, मराठी मुलखाबाहेर जायचं ठरवत असाल, तर इग्नू घे आणि हिंदीतून लिहायचा सराव आजपासून सुरू कर.

एक शेवटचं. आपल्या, म्हणजे विनोबांच्या गावात राहून प्रमाणपत्राच्या मागे लागायचं, हे कुणीतरी तुला बोलून दाखवेल. धाम नदीच्या पलीकडच्या तीरावर विनोबा १९३८ साली येऊन राहिले. त्याच विनोबांनी १९१६ साली बडोद्यात चुलीपुढे बसून आपली प्रमाणपत्रं जाळली होती. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. पण त्या गोष्टीत त्यांची आई रुक्मिणीबाईही आहे. ती म्हणाली होती, की नको असतील आत्ता, पण ठेवली तर बिघडलं काय? माझं वय झालं तशी मला आईची बाजू जास्त कळू लागली. विनोबा त्या कागदांशिवायही शिकत राहिले, कितीतरी भाषा शिकले. आपल्याला दोन्ही हवं: त्यांचं शिकत राहणं आणि त्या माउलीचं जपून ठेवणं. ज्या पोरीला बारावीनंतर घरच्यांनी "पुरे आता" म्हटलं, तिच्यासाठी पदवीचा कागद हा बंद दार उघडायचा अधिकार आहे. तो खरा असावा, एवढाच माझा हट्ट.

पुढच्या रविवारी ये. येताना राज्यशास्त्राचा एकेक धडा दोन्हीकडचा छापून, वाचून आण. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहेत. नाशिकचं पुस्तक नागपूरच्या केंद्रात किंवा आधी शिकलेल्या कुणाकडे मिळेल. दोन्ही धडे रात्री, सगळं आवरल्यावर वाच, हातात पेन्सिल घेऊन. ज्याच्या समासात तू जास्त लिहिलं असशील, ते तुझं विद्यापीठ. पहिल्या वर्षाची फी मी भरेन, त्यावर वाद घालू नकोस.

वहिनीला नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, पोरीला गोड पापा.

तुझी,
आत्या