चार्जर घेण्याआधी

सातारा

चि. ओंकार यास,


ड्रिलचं मॉडेल कंपनीनं बंद केलंय, म्हणून बाजारात मिळेल तो चार्जर घेऊन भागवतो, असं तू म्हणालास. तसं करू नकोस. फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून लिहितोय.

आधी चार्जरच गेलाय का, ते बघ. बॅटरी लावल्यावर लाल दिवा लुकलुकतो म्हणालास ना? म्हणजे त्याला वीज मिळतेय, पण बहुधा तो बॅटरी घ्यायला तयार नाही. बॅटरीच्या आणि चार्जरच्या धातूच्या पट्ट्यांवर प्लायचा भुसा बसला असेल तर कोरड्या ब्रशनं झाड. सांगलीच्या उन्हात काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावलीस तरी हेच होतं. साधारण ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते आणि चांगला चार्जर ते ओळखतो. ती सावलीत निवू दे. मग तुझ्याच कंपनीचं, त्याच बॅटरीचं मशीन वापरणारा मिस्त्री गाठ. त्याची बॅटरी तुझ्या चार्जरवर लाव, तुझी त्याच्या. दोष कुठं आहे ते तिथंच कळेल. नुसत्या चार्जरला मीटर लावून शून्य आलं, म्हणून तो गेला असं मात्र धरू नकोस. सरकवून बसवायच्या बॅटरीचे बरेच चार्जर बॅटरी ओळखल्याशिवाय करंट सोडतच नाहीत.

चार्जर खरंच गेला असेल, तर मशीनचं मॉडेल विसर आणि बॅटरी घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. ड्रिल बंद झालं तरी कंपन्या तीच बॅटरी वर्षानुवर्षं चालवतात. त्यामुळं वेगळ्या नंबरचा चालू चार्जर बहुतेक वेळा मिळतो.

आता आकडे. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल ओळीनं जोडले की १८, भरल्यावर २१. म्हणून कुणी १८ छापतं, कुणी २०, कुणी २१. आत सेल तेवढेच. स्वस्त मशीनवरचे ४८ आणि ८८ हे आकडे बहुधा नुसते स्टिकरचे असतात. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरीही १८ व्होल्टची असते, पण तिच्यात १.२ चे १५ सेल. ती भरल्याची खूण वेगळी, म्हणून तिचा चार्जर लिथियमला लावलास तर आग लागू शकते. यात तडजोड नको.

तुझ्या मशीनचा चार्जर गोल पिनचा असेल, तर जास्त जप. तासगावकडं द्राक्षबागेत फवारणीच्या पंपांना बऱ्याचदा १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते, आणि त्यांच्या चार्जरची पिन कधीकधी अगदी तुझ्या चार्जरसारखीच. त्या चार्जरनं तुझी बॅटरी भरणार नाही. तुझा २१ चा त्या पंपाला लावलास, तर त्याची बॅटरी उकळेल. पिन बसली तरी व्होल्ट, अँपिअर आणि पिनच्या आतल्या-बाहेरच्या बाजूचं प्लस-मायनस लेबलवर जुळवायचंच.

अमेरिकेतून कुणी चार्जर आणून देत असेल, तर त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलंय का ते बघ. आपल्याकडं २३० आहे, लावल्या क्षणी जळेल. सांगलीत कुणी जुना देऊ केला, तर तो २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात भिजला होता का, ते स्पष्ट विचार. वरून कोरडा दिसला तरी आत गाळ आणि गंज राहतो.

बॅटरी फुगली असेल तर चार्जर शोधूच नकोस. ती कचऱ्यातही टाकू नकोस, सर्व्हिस सेंटरला दे. बॅटरीच्या आणि चार्जरच्या लेबलचे फोटो आज रात्री मला पाठव, पैसे मग दे.

तुझा,
मामा