मूळ वचन आणि अतिरेकी आचार

धर्माच्या नावाने हिंसा घडली म्हणजे विचारवंतांपुढे एक प्रश्न उभा राहतो. ही हिंसा त्या धर्माच्या मूळ उपदेशातून निघाली, की उपदेशाच्या विपर्यासातून? प्रश्न जुना आहे. उत्तर मात्र बहुधा घाईने दिले जाते. म्हणून इस्लामच्या आरंभकाळातील एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे त्याचा क्रमाने विचार करणे इष्ट होय.

पूर्वपक्ष

येथे दोन पूर्वपक्ष संभवतात. पहिला असा : अतिरेकी आपल्या ग्रंथातीलच वचने पुढे करतात; ती वचने कल्पित नसतात; म्हणून अतिरेक हाच त्या धर्माचा खरा अर्थ होय. दुसरा याच्या उलट : अतिरेक्यांचा धर्माशी काहीच संबंध नसतो, राज्यलोभ आणि सूड हीच त्यांची कारणे, धर्म हा केवळ मुखवटा. पहिल्या पक्षाने सर्व अनुयायी दोषी ठरतात. दुसऱ्याने कोणीच उत्तरदायी राहत नाही.

उदाहरण

मुहम्मद पैगंबर ६३२ मध्ये निवर्तले. तिसरे खलिफा उस्मान यांची ६५६ मध्ये हत्या झाली आणि अली खलिफा झाले. सीरियाचे सुभेदार मुआविया यांनी त्यांना विरोध केला. ६५७ मध्ये युफ्रेटिस नदीकाठी सिफ्फीन येथे युद्ध झाले. सीरियाच्या सैन्याने भाल्यांवर कुराणाची पाने उंचावली, तेव्हा लवादाने निर्णय करण्याचे ठरले. अलींच्या सैन्यातील एका गटास हे मान्य झाले नाही. निर्णयाचा अधिकार केवळ ईश्वराचा, मनुष्यास लवाद नेमणारा धर्मभ्रष्ट, अशी घोषणा करून ते बाहेर पडले. बाहेर पडणारे म्हणून त्यांस खारिजी हे नाव पडले.

हे लोक दांभिक नव्हते. नमाज आणि उपवास यांत त्यांची निष्ठा प्रसिद्ध होती. परंपरागत इतिहास सांगतात की, वाटेत पडलेला एक खजूर त्यांच्यापैकी एकाने तोंडात घातला, तेव्हा मोल न देता परवस्तू घेतली म्हणून दुसऱ्याने त्यास हटकले आणि त्याने तो थुंकून टाकला. त्याच मंडळींनी पैगंबरांच्या एका सहकाऱ्याचा पुत्र अब्दुल्ला इब्न खब्बाब यास व त्याच्या गरोदर स्त्रीस ठार केले. कारण एवढेच की, त्याने अलींस धर्मभ्रष्ट म्हटले नाही. ६५८ मध्ये नहरवान येथे अलींनी त्यांचा पराभव केला. ६६१ मध्ये कुफा येथे त्यांच्यापैकीच इब्न मुल्जम याने अलींवर तलवारीचा घातक वार केला.

परीक्षण

खारिज्यांच्या घोषणेतील शब्द कुराणात आहेत, हे खरे. परंतु ते कोठे आहेत? १२ व्या सुरेच्या ४० व्या आयतीत ते युसुफाच्या मुखी येतात. कारागृहातील दोघा सोबत्यांस तो सांगतो की, वाडवडिलांनी ठेवलेली नुसती नावे पूजू नयेत, एका ईश्वराचीच उपासना करावी. तेथे विषय उपासनेचा आहे, तंटा मिटवण्याचा नव्हे. तंट्याविषयी तर कुराणातच वेगळी आज्ञा आहे : पतिपत्नींत वितुष्ट आल्यास दोन्ही घरचा एकेक मध्यस्थ नेमावा (४:३५), यात्राकाळी शिकार घडल्यास भरपाईचा निर्णय दोघा न्यायी पुरुषांनी करावा (५:९५). पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास खारिज्यांशी वाद करण्यास गेले, तेव्हा त्यांनी हीच वचने दाखवली आणि पुष्कळ जण परतले, असे परंपरा सांगते.

शंका : प्रकरण सांगून कोणतेही कठोर वचन मऊ करता येईल, मग अर्थाला धरबंद काय?

समाधान : प्रकरण वचनास मऊ करीत नाही, त्याची मर्यादा दाखवते. ९ व्या सुरेची ५ वी आयत युद्धाची आहे आणि ती कठोरच आहे. परंतु करार पाळणाऱ्यांस ४ थी आयत वगळते, आणि शरण मागणाऱ्यास आश्रय देऊन सुरक्षित स्थळी पोचवावे असे ६ वी सांगते. ही मर्यादा मागाहून कोणी जोडलेली नाही. तथापि या युद्धवचनाने पूर्वीची अनेक सौम्य वचने रद्द झाली असे मानणारे भाष्यकारही त्या परंपरेत होऊन गेले, हे लपवणे योग्य नव्हे. अर्थाचा वाद त्या धर्माच्या आतच आहे, आणि तो तेथेच सुटावयास हवा.

त्याच मतभेदातून पुढे दोन वाटा फुटल्या. नाफी इब्न अल्-अझरक (मृत्यू ६८५) याच्या अनुयायांनी विरोधकांच्या स्त्रिया व मुले मारणेही विहित मानले. इबाजी पंथाने मात्र भिन्नमताच्या मुसलमानांस मारणे नाकारले. तो पंथ ओमानमध्ये आजही नांदतो. वचन एकच, आचार दोन. म्हणून केवळ वचनावर सारा दोष ठेवता येत नाही.

सिद्धांत

पहिला पूर्वपक्ष टिकत नाही. कारण ज्यांनी मूळ उपदेश प्रत्यक्ष ऐकला होता, त्यांनीच खारिज्यांचा अर्थ नाकारला. दुसराही टिकत नाही; कारण खारिज्यांची निष्ठा खरी होती आणि शब्द ग्रंथातलेच होते. अतिरेक उपजतो तो तीन दोषांनी : वचन प्रकरणापासून तोडणे, लहान विधी पाळून महापातक झाकणे, आणि ईश्वराचा निर्णयाधिकार आपल्या हाती घेणे. तिसरा दोष सर्वांत घोर होय. निर्णय केवळ ईश्वराचा असे म्हणणाऱ्यांनीच इतरांच्या श्रद्धेचा निर्णय करून त्यांचे प्राण घेतले.

दोष आतला, म्हणून निवारणाचे दायित्वही आतल्यांचे. जॉर्डनमध्ये २००४ मध्ये अम्मान संदेश निघाला. २००५ मध्ये सुमारे ५० देशांच्या २०० विद्वानांनी इबाजींसह मान्य पंथांच्या अनुयायांस धर्मभ्रष्ट ठरवू नये असे घोषित केले. २०१४ मध्ये बगदादीने स्वतःस खलिफा म्हणवले, तेव्हा १२६ विद्वानांनी त्यास कुराणाच्याच आधारे खुले पत्र लिहिले. अशा पत्रांनी शस्त्रे थांबतातच असे नाही. पण शस्त्रधाऱ्याच्या हातून धर्माचा आधार निघतो.

महानुभाव परंपरेत सूत्राबरोबर त्याचे प्रकरण पाहण्याची शिस्त पूर्वाचार्यांनी घालून दिली, तिचे मोल येथे ध्यानी येते. कोणते वचन, कोणास, कोणत्या प्रसंगी निरूपिले, हे जाणल्यावाचून त्याचा अर्थ करू नये. साधनवंतांनी आणि वासनिकांनी परधर्माच्या वचनांसही हीच शिस्त लावावी. आपल्या ग्रंथास प्रकरण आणि परक्याच्या ग्रंथास तुटके वाक्य, असा दुजाभाव करणारा खारिज्यांचीच रीत आचरतो, जरी त्याच्या हाती शस्त्र नसले तरी.