समुद्राची पातळी सर्वत्र सारखी कां वाढत नाहीं?

उजनी धरण शंभर टक्के भरलें म्हणजे पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते, हें इंदापूर तालुक्यांतील शेतकरीबंधूंस तोंडपाठ आहे. हा आंकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला असतो. पण कोणत्या समुद्राच्या? सन १९०९ मध्यें देशांतील उंचीच्या मोजणीचा पाया ठरला, तेव्हां कराचीपासून ओडिशांतील फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीची सरासरी शून्य धरण्यांत आली. त्यांत मुंबईचें अपोलो बंदर होतें. नऊहि ठिकाणचें पाणी एकाच पातळींत आहे, असें त्यावेळीं गृहीत धरलें गेलें. वस्तुतः तें तसें नाहीं, आणि त्याची वाढहि सारखी नाहीं.

मुंबईच्या सन १८७८ पासून २००५ पर्यंतच्या नोंदींत ही वाढ वर्षाला सरासरी सुमारे पाऊण मिलिमीटर दिसते. कलकत्त्याखालील डायमंड हार्बर येथें, सन १९४८ पासूनच्या नोंदींत, ती ५ मिलिमीटरांहून अधिक आहे. एवढा फरक कां?

महसूल कचेरींत असतां मजकडे विहिरींच्या पाण्याच्या नोंदी येत. एका विहिरीचें पाणी ऐन चैत्रांत वर आल्याचें दिसलें. जाऊन पाहतों तों काळ्या जमिनींतील कठडाच खचलेला! मोजणाऱ्यानें दोरी कठड्यापासून सोडली होती. पाणी होतें तेथेंच होतें. बंदरावरील मोजपट्टीहि अशीच जमिनीस जखडलेली असते. गंगेच्या मुखाकडील गाळाची भूमि आपल्याच भारानें दबत आहे, म्हणून तेथें समुद्र अधिक चढलेला दिसतो. उलट स्वीडनच्या उत्तर किनाऱ्यावरचें प्राचीन बर्फाचें ओझें हजारों वर्षांपूर्वीं उतरलें, तरी जमीन अजून वर्षाला जवळजवळ १ सेंटीमीटर उचलली जात आहे; तेथें समुद्र मागें हटतो. मुंबईस प्रिन्सेस डॉक खोदतांना चिखलाखालीं खैराचीं झाडें सांपडलीं, कांहीं तर मुळांसह उभीं. खैर कांहीं खाऱ्या पाण्यांत वाढत नाहीं.

दुसरें कारण ऐकून प्रथम विश्वास बसत नाहीं. ग्रीनलंडवरील बर्फाची रास इतकी प्रचंड आहे कीं, ती आपल्या आकर्षणानें भोंवतालचा समुद्र आपल्याकडे ओढून धरते. बर्फ वितळला कीं ही ओढ कमी होते. त्यामुळें वितळलेलें पाणी समुद्रांत जाऊनहि ग्रीनलंडजवळची पातळी उतरते, आणि दूरच्या किनाऱ्यांच्या वांट्यास अधिक पाणी येतें. बांध फुटावा एकाच्या शेतांत आणि पाणी तुंबावें दूरच्या शेतांत, असा हा प्रकार आहे.

याशिवाय ऊन पाणी फुगतें, वारा पाणी एका अंगास लोटतो, आणि गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें नद्यांच्या मुखांशीं समुद्र किंचित् उंच राहतो. (आपल्या नीरा-भीमेचें पाणीहि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरासच मिळतें, जवळचा अरबी समुद्र त्यास पारखा!)

मुंबईचा पाऊण मिलिमीटर पाहून मात्र कोणी निर्धास्त राहूं नये. ती दीर्घ काळाची सरासरी आहे. उत्तर हिंदी महासागरांत सन १९९३ ते २०१७ या काळांत वाढ वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर झाली. बारामतीकडील द्राक्षें व इंदापूरचीं केळीं न्हावा-शेवा बंदरांतून परदेशीं जातात. तेथील धक्क्याची उंची ठरवितांना जगाची सरासरी घेऊन भागणार नाहीं. त्याच खाडीची भरती आणि त्याच जमिनीचें खचणें वर्षानुवर्षें मोजावें लागेल.