वारस नसलेली जमीन कुणाकडे जाते?

प्रश्न : झाशीवरच्या एका इंग्रजी पुस्तकात, राज्य कंपनीकडे ‘एस्चीट’ झालं असं वाचलं. या शब्दात ‘चीट’ दिसतो. मग लेखकाला ‘फसवून घेतलं’ असं म्हणायचं आहे का?
– एक वाचक, मऊरानीपूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. या दोन इंग्रजी शब्दांचं नातं आहेच, फक्त तुम्हाला वाटतं त्याच्या उलट दिशेचं. ‘चीट’पासून ‘एस्चीट’ झालेला नाही. ‘एस्चीट’पासून ‘चीट’ निघाला.

मुळात ‘एस्चीट’ हे कायद्यातलं जुनं क्रियापद. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘काडेरे’ म्हणजे पडणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला ‘वाट्याला येणं’ असा अर्थ आला. आपण ‘पदरात पडलं’ म्हणतो, तसंच काहीसं. इंग्लंडात जमीन धारण करणारा निर्वंश झाला, की ती मूळ धन्याच्या पदरात परत पडे. राजाच्या वतीनं अशा जमिनी ताब्यात घेणारे अधिकारी म्हणजे ‘एस्चीटर’. त्यांनी खोटे दावे करून लोकांच्या जमिनी इतक्या बळकावल्या, की शब्दाचा सुरुवातीचा भाग गळून उरलेल्या ‘चीट’ला फसवणुकीचाच अर्थ चिकटला.

आता झाशी. तिथले राजे गंगाधरराव यांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी आनंदरावाला दत्तक घेतलं, त्याचं नाव दामोदरराव ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. म्हणजे वारस होता! पण ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल डलहौसी यानं फरक केला : दत्तक मुलाला खासगी मालमत्ता मिळेल, गादी मात्र कंपनीच्या मंजुरीशिवाय मिळणार नाही. १८५४ मध्ये राज्य गेलं आणि त्याबरोबर तुमचं मऊही गेलं, खारव्याच्या कापडासाठी नावाजलेली बाजारपेठ. कंपनीचा आवडता शब्द होता ‘लॅप्स’. तोही लॅटिनच : ‘लाबी’, म्हणजे घसरणं, निसटणं. राज्य आपोआप निसटलं, आपोआप पडलं, असं सांगणारी ही क्रियापदं मला फार खटकतात. घेणारा त्यांत कुठे दिसतच नाही. मराठीत आपण ‘राज्य खालसा केलं’ म्हणतो, तेच खरं वर्णन. त्यामुळे तुमच्या लेखकानं फसवणुकीचा आरोप केलेला नाही. उलट कंपनीला सोयीची कायद्याची भाषा उचलली आहे.

हा शब्द इतिहासजमा झाला असं मात्र समजू नका. आपल्या राज्यघटनेच्या कलम २९६ मध्ये ‘एस्चीट’ आणि ‘लॅप्स’ दोन्ही आहेत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २९सुद्धा याच विषयावर आहे. मुलंबाळं, भाऊबंद, दूरचे नातलग, कायद्यानं पात्र ठरेल असं कुणीच उरलं नाही, तरच मालमत्ता सरकारजमा होते. मऊरानीपुरातलं घर असेल तर ते उत्तर प्रदेश सरकारकडे जाईल. पण वारसावर ज्या देण्यांची जबाबदारी आली असती, त्या देण्यांसकटच सरकारला ते घ्यावं लागतं.